हिरकणीचे टोक आणि त्यामागचे हात

यंत्रांचा इतिहास बहुधा टोकाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. टोक कशाचे होते, ते कोणी योजले, पेटंट कोणाच्या नावावर झाले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे प्रस्थापित इतिहासकार मानतात. ते टोक ज्या हातांनी मातीतून वेचले आणि ज्या हातांनी दगडात घातले, त्यांचा उल्लेख झालाच तर ‘मजूर’ या एका शब्दात होतो. खडकाच्या पोटातून अखंड गाभा काढणाऱ्या हिऱ्याच्या ड्रिलची कहाणी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. विषय अभियांत्रिकीचा वाटेल. पण ज्यांच्या पिढ्यानपिढ्या दगड फोडण्यात गेल्या, त्यांनी तरी तो केवळ अभियंत्यांवर सोडून देऊ नये.

खेड्यात बोअर मारणारी गाडी येते तेव्हा ती खडकाची भुकटी करते. पांढरी धूळ उडते, भोक खोल जाते, खडक नाहीसा होतो. गाभा काढणाऱ्या ड्रिलची रीत निराळी. एक पोकळ नळी असते, तिच्या तोंडाशी हिरे बसवलेले कडे असते. नळी फिरते, कडे खडकात गोल चर पाडत खाली उतरते, आणि मधला खडक जसाच्या तसा नळीत शिरतो. वर काढला की मनगटाएवढ्या जाडीची दगडाची कांडी हाती येते. कोणत्या खोलीवर कोणता खडक आहे, कुठे भेग आहे, कुठे धातूची शीर आहे, हे त्या कांडीवरून समजते. म्हणजे या यंत्रातून निघणारा दगड विकायचा नसतो, वाचायचा असतो. तो कोणी वाचायचा आणि वाचून कोणाला कुठे कामाला लावायचे, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

गाभा काढण्याची युक्ती पाश्चात्त्यांची नाही आणि नवीही नाही. पिरॅमिडांच्या काळातल्या इजिप्शियन कारागिरांनी ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात नळीने भोके पाडली होती. त्यातून निघालेले गाभे फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने गोळा केले. त्यांच्यावरचे चर पाहून १८८३ च्या आपल्या ग्रंथात त्याने तर्क केला, की नळीच्या तोंडाशी हिरा किंवा त्याच तोडीचे रत्न बसवलेले असले पाहिजे. तसे रत्न जडवलेले एकही हत्यार सापडले नाही. पुढे डेनिस स्टॉक्स याने प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले, की तांब्याची नळी, वाळू आणि ती फिरवायला धनुकली एवढ्यावर ग्रॅनाइट कापता येतो. तांबे भराभर झिजते आणि तास पुष्कळ लागतात, इतकेच. पेट्री कष्टाळू आणि काटेकोर माणूस होता, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या काळात हिऱ्याचे ड्रिल नुकतेच गाजू लागले होते आणि त्याला जुन्या कारागिराच्या हातातही तेच टोक दिसले. वाळू आणि माणसांचे तास हे त्याला पुरेसे कारण वाटले नाही.

आधुनिक ड्रिलचे श्रेय लेशो या घराण्याला दिले जाते, कधी बापाला, कधी मुलाला. बाप जॉर्ज-ऑग्युस्त लेशो हा जिनिव्हाचा नामवंत घड्याळजी. मुलगा रोदोल्फ हा अभियंता. १८६२ च्या सुमारास फिरत्या नळीच्या तोंडाला काळे हिरे बसवण्याची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली आणि जुलै १८६३ मध्ये रोदोल्फच्या नावे अमेरिकेत पेटंट झाले. त्या वेळी आल्प्स पर्वत पोखरून फ्रान्स आणि इटली जोडणारा बोगदा खणला जात होता. खडक लवकर कसा कापावा, हा युरोपच्या भांडवलापुढचा मोठा प्रश्न होता.

त्याच १८६३ साली आपल्याकडे बोरघाटाची रेल्वे सुरू झाली. १८५६ पासून चाललेल्या या कामात पंचवीस बोगदे आणि तेही काळ्या कातळातले. १८६१ च्या सुरुवातीला या घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. तिथे सुरुंगाची भोके पाडायला ना वाफेचे यंत्र होते ना हिऱ्याचे. पहार, घण आणि दारू. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने वर घण घालायचा. पटकी आली की माणसे मरत आणि जगलेली पळून जात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच वारला आणि त्याच्या बायकोने काम पुरे करवून घेतले. हे दोघे इतिहासात नावानिशी आहेत. पहार धरणारे नाहीत. माणूस इतका स्वस्त असेल तर यंत्र कोण आणणार?

आता त्या टोकाकडे वळू. लेशोने वापरला तो दागिन्यातला हिरा नव्हे. दागिन्यातला हिरा कठीण खरा, पण त्याला चिरफळीच्या दिशा असतात. त्या दिशेने आघात झाला की तो उभा फुटतो. ड्रिलला लागतो तो ‘कार्बोनाडो’, म्हणजे काळा, सच्छिद्र, कोळशाच्या खड्यासारखा दिसणारा. असंख्य बारीक स्फटिक एकमेकांत गुंतून तो बनतो, त्यामुळे तो कुठल्याच एका दिशेने सहज फुटत नाही. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘करपलेला’ असा होतो. तो मुख्यतः ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, लेन्सोइस गावाच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात सापडतो. १८४० च्या दशकात तिथे हिऱ्यांसाठी धावपळ सुरू झाली, तेव्हा चाळणीत येणारा हा काळा खडा जवळजवळ बिनकिमतीचा होता. चकाकी नाही म्हणून टाकाऊ. ड्रिल आले आणि त्याचा भाव चढत गेला.

हा खडा वेचणारे कोण होते? आफ्रिकेतून जहाजांत कोंबून ब्राझीलला सुमारे ४८ लाख माणसे उतरवली गेली, अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा अधिक. ऊस, सोने, कॉफी आणि हिरे हे सगळे त्यांच्या पाठीवर उभे होते. नदीच्या पात्रात वाकून लाकडी परातीत रेती धुवायची, वर मुकादम डोळ्यात तेल घालून बसलेला. जॉन मॉ या इंग्रज प्रवाशाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिनास प्रांतातल्या हिऱ्यांच्या खाणी पाहून लिहून ठेवले आहे, की साडेसतरा कॅरटचा हिरा ज्या गुलामाला सापडे त्याला फुलांची माळ घालून वाजतगाजत नेत आणि मुक्त करीत. किती उदार पद्धत! माणसाची किंमत किती, याचे उत्तर तिथे कॅरटमध्ये ठरलेले होते. त्याहून थोडा लहान खडा सापडला तर नवे कपडे, आणि उद्या सकाळी पुन्हा पाण्यात.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपणा सर्वांना पाठ आहे. दलित पँथरच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७२ पासून, उत्तर अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपण नाते सांगत आलो. पण जोतीरावांचा ग्रंथ छापून आला तेव्हा ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने चालू होती आणि ती पुढे आणखी पंधरा वर्षे चालली. १३ मे १८८८ रोजी ती संपली. तो कायदा दोन कलमांचा होता. गुलामगिरी रद्द, हे एक. विरोधी कायदे रद्द, हे दुसरे. जमीन, मजुरी, शिक्षण यांबद्दल तिसरे कलमच नव्हते. म्हणजे लेशोचे ड्रिल जगभर पसरले त्या पहिल्या पंचवीस वर्षांत, त्याच्या टोकाचा हिरा गुलामगिरी चालू असलेल्या देशातूनच येत होता. नंतर ‘स्वतंत्र’ माणसे त्याच पात्रात, तीच परात घेऊन वाकली.

१८९५ मध्ये लेन्सोइसजवळ सेर्जिओ बोर्जेस द कार्व्हालो याला ३,१६७ कॅरटचा कार्बोनाडो सापडला. वजनाने सहाशे ग्रॅमच्या वर. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली सापडलेला प्रसिद्ध कलिनन हिरा ३,१०६ कॅरटचा, म्हणजे सेर्जिओच्या खड्यापेक्षा लहान. कलिननचे तुकडे इंग्लंडच्या राजदंडात आणि मुकुटात बसले, त्यावर पुस्तके निघाली. सेर्जिओचा खडा युरोपात विकला गेला, तीन-तीन, सहा-सहा कॅरटचे तुकडे करून ड्रिलच्या कड्यांत बसवला गेला आणि झिजून संपला. मला या दुसऱ्याचे अधिक मोल वाटते. निदान तो कामी आला.

टोकाची काळजी किती घेत ते पाहा. कड्याला लहान भोके पाडून एकेक खडा हाताने बसवायचा, भोवतालचे मऊ पोलाद ठोकून त्याला आवळायचे. एक खडा निखळला तर तो बाकीच्यांना फोडून टाकी, म्हणून कडे पुन्हा पुन्हा वर काढून पाहायचे. नळीतून सतत पाणी सोडायचे, कारण भुकटी वाहून गेली पाहिजे आणि हिरा तापता कामा नये. हे पाणी पहिल्यापासून होते. त्याच काळात खाणींत सुरुंगाची भोके पाडणारी ठोक्याची यंत्रे मात्र कोरडी चालत. दगडाची बारीक धूळ माणसाच्या छातीत जाई, फुप्फुस दगडासारखे होई. अमेरिकेतले खाणकामगार त्या यंत्राला ‘विधवा करणारे’ म्हणत. पोकळ पहारीतून पाणी सोडण्याची सोय तिथे जे. जॉर्ज लेनरने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आणली. हिऱ्याला पहिल्या दिवशी जे मिळाले ते माणसाला मिळायला तीन तपे लागली.

आणि वर आलेल्या गाभ्याने काय सांगितले? दक्षिण आफ्रिकेत १८८६ साली विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले. जमिनीलगतचा थर उकरून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिऱ्याच्या ड्रिलने घेतलेल्या भोकांतून उत्तर आले, की सोन्याचा थर तिरका होत दक्षिणेकडे खूप खोलवर गेलेला आहे. त्या काही कांड्यांवर लंडनच्या बाजारात पैसा उभा राहिला. सोने पुष्कळ, पण दगडात अत्यंत विरळ आणि फार खोल. म्हणजे नफा हवा तर मजुरी पाडली पाहिजे. पासचे कायदे, कुंपणातल्या मजूर-बराकी, १९१३ चा जमिनीचा कायदा ही सगळी व्यवस्था एकट्या ड्रिलने आणली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वर्णद्वेष त्याआधीचाच. पण किती खोल जायचे आणि म्हणून किती माणसे लागतील, हा हिशेब त्या कांडीवरून मांडला गेला. बाहियातल्या काळ्या हातांनी वेचलेल्या काळ्या खड्याने रँडच्या काळ्या माणसाला पाताळाचा रस्ता दाखवला. त्या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

रँडमधल्या छातीच्या रोगाची पहिली चौकशी गोऱ्या ड्रिलवाल्यांच्या मृत्यूंमुळे झाली, आणि पुढे भरपाईचे कायदे आले त्यांतही काळ्यांचा वाटा वेगळा आणि कमी राहिला. थेम्बेकिले मंकायी हा कामगार १९७९ ते १९९५ सोन्याच्या खाणीत होता. मालकावर दावा लावण्याचा त्याचा हक्क घटना न्यायालयाने मार्च २०११ मध्ये मान्य केला, त्याच्या काही दिवस आधी तो वारला. त्या निकालाच्या वाटेने पुढे हजारो आजारी कामगारांचा सामुदायिक दावा उभा राहिला आणि २०१९ मध्ये पाच अब्ज रँडची तडजोड न्यायालयाने मंजूर केली.

पुढच्या सुधारणा थोडक्यात. कार्बोनाडो महाग झाला, तेव्हा दागिन्याला निरुपयोगी असे लहान हिरे वापरात आले. दुसऱ्या महायुद्धात ते बहुतांशी बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोतून येत, म्हणजे पुन्हा आफ्रिकाच. हिऱ्याचा चुरा धातूच्या भुकटीत मिसळून भट्टीत कडे घडवण्याची रीत निघाली. धातू झिजला की खालून नवा कण वर येतो. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत ट्रेसी हॉलने प्रयोगशाळेत हिरा तयार केला आणि हळूहळू टोक वसाहतीच्या मातीवर अवलंबून राहिले नाही. १९५८ मध्ये लाँगइयर कंपनीने दोराने फक्त आतली नळी वर ओढण्याची व्यवस्था बाजारात आणली. त्याआधी दर वेळी गाभा काढायला शेकडो फूट नळ्या एकेक आटे सोडवून वर घ्याव्या लागत आणि पुन्हा जोडत खाली सोडाव्या लागत. या एका सुधारणेने खरोखर माणसाची पाठ वाचवली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बाकी बऱ्याच सुधारणा हिरा वाचवण्यासाठी झाल्या.

आपल्या मुलखातही हे ड्रिल पोचले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर तिथली जमीन का हलते याचा शोध चालू राहिला. त्यासाठी २०११ ते २०१४ या काळात कोयना-वारणा भागात सुमारे १५०० मीटर खोलीपर्यंत भोके घेऊन गाभे काढले गेले. रासाटी येथे नऊशे मीटरहून अधिक काळा कातळ ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक लागला, मध्ये गाळाच्या खडकाचा थर आढळला नाही. बोरघाटात ज्याच्यावर घण पडत होते त्या कातळाची जाडी या भागात अशी मोजली गेली.

गाभा वाचण्याचे शास्त्रही आता ठरलेले आहे. १९६० च्या दशकात डॉन डीअर या अमेरिकन अभियंत्याने एक सोपे माप दिले. दहा सेंटिमीटरहून लांब अखंड तुकड्यांची बेरीज करायची, ती भोकाच्या लांबीशी ताडायची, आणि आलेल्या टक्केवारीवरून खडक धरण-बोगद्याला किती भरवशाचा ते ठरवायचे. माझ्या घरात पहिला पदवीधर मी. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हते. घण घालण्याआधी ते दगडावर सुतकी हलकी टेकवीत आणि कान देत. खणखणीत वाजला तर दगड सलग, बद्द वाजला तर आत चीर. चिरेच्या बाजूने मग छिन्नी लावीत. आमच्या वडारांच्या बोलीत, तिचे नाते तेलुगूशी आहे, अशा आवाजांना आणि दगडाच्या धारेला वेगवेगळे शब्द आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांकडून मी आतापर्यंत त्यांतले अकरा लिहून घेतले आहेत. भूगर्भशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी या सुट्टीत खाणपट्ट्यावर जाऊन उरलेले गोळा करण्याचे कबूल केले आहे.