आग्रा रस्ता आणि अँड्र्यू कोवन

धुळ्याच्या देवपुरांतून जाणारा जुना मुंबई-आग्रा रस्ता आपण मालमोटारींचा म्हणून ओळखतों. १९६८ च्या नोव्हेंबरअखेर लंडन-सिडनी मोटार-शर्यतीचा दिल्ली-इंदूर-मुंबई हा टप्पा याच राजमार्गानें झाला.

लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकीं ७२ मुंबईस पोंचल्या. आघाडीवर इंग्लंडचा रॉजर क्लार्क होता. स्कॉटलंडचा शेतकरी अँड्र्यू कोवन ‘हिलमन हंटर’ ही साधी घरगुती मोटार घेऊन त्याच्या मागें होता. पुढें ऑस्ट्रेलियांत क्लार्कची गाडी बिघडली. सिडनी जवळ आली असतां अग्रभागीं असलेली सित्रोएन समोरच्या मोटारीवर आदळली, आणि कोवन विजयी ठरला.

याला कोणी दैव म्हणतील. परंतु १९७७ सालीं तीच शर्यत भरली, तेव्हां ती पुन्हां त्यानेंच जिंकली! यंत्र जपून शेवटच्या कोसापर्यंत नेणें, हीच त्याची विद्या. मित्सुबिशीच्या युरोपांतील पथकाचा तो पुढें प्रमुख झाला. त्या पथकाच्या टॉमी मॅकिनेननें १९९६ ते १९९९ सलग चार जगज्जेतेपदें मिळविलीं. २०१९ मध्यें कोवन निवर्तला.

पांझरा ओलांडणाऱ्या आपल्या मालमोटारवाल्यालाहि ही विद्या परकी नाहीं. त्याला माल पोंचवावयाचा असतो, धूळ उडवावयाची नसते.