गुग्गुळ : मेदोरोग ते कोलेस्टेरॉल

खाडीकाठच्या पनवेलमध्ये १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. आजही रायगडच्या किनाऱ्यावर वैद्यांकडे गुग्गुळाच्या गोळ्या मिळतात. पण गुग्गुळाचे झुडूप कोकणच्या पावसात वाढत नाही. ते कच्छ-राजस्थानच्या कोरड्या जमिनीतले, काटेरी. त्याच्या खोडाला चीर दिली की जो डिंक पाझरतो, तोच गुग्गुळ.

सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाच्या मेदोरोगाचे वर्णन असून त्यावरील उपायांत गुग्गुळाचाही उल्लेख आहे. हे वर्णन आणि रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचा आधुनिक विकार यांतले साम्य बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधक जी. व्ही. सत्यवती यांच्या लक्षात आले. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले व त्यांतील काहींना गुग्गुळही दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी वाढले. १९६६ मध्ये त्यांचा प्रबंध तयार झाला. ग्रंथातले वचन त्यांनी पुरावा मानले नाही, त्यातून तपासता येईल असा प्रश्न तयार केला. आमच्या मते त्यांचे मोठेपण येथे आहे.

पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने या डिंकापासून ‘गुगुलिपिड’ हा अर्क तयार केला. १९८६ मध्ये तो भारतात विक्रीस मान्य झाला. मुंबई, नागपूरसह सात शहरांतील चाचण्यांचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवडे औषध घेतलेल्या २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांत कोलेस्टेरॉल सरासरी २४ टक्क्यांनी उतरले. मात्र चाचणीचा हा भाग खुला होता. काय दिले जात आहे, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते.

२००३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. कोणाला औषध व कोणाला नुसती दिखाऊ गोळी, हे त्यात दोन्ही बाजूंपासून लपवले होते. दिखाऊ गोळीच्या गटात घातक (एलडीएल) कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी घटले. गुगुलिपिडच्या दोन गटांत ते ४ व ५ टक्क्यांनी वाढले! काहींच्या अंगावर पुरळही उठले.

मग खरे काय? आहार वेगळा, माणसे वेगळी, चाचणीची रीतही वेगळी. त्यामुळे एका निकालाने दुसरा पुसला जात नाही. पण ‘गुग्गुळाने कोलेस्टेरॉल हमखास उतरते’ असे म्हणण्याचा आधार उरत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गुगुलिपिडबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टिआझेम या हृदयविकारावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे ‘पूरक’ म्हणून घेतलेली गोळी मूळ उपचारच दुबळा करू शकते. डॉक्टरांना न सांगता ती घेऊ नये, आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये.

वर्गात हा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांना एकच विचारावे : दिखाऊ गोळीचा गट नसता, तर २००३ च्या चाचणीतून आपण काय शिकलो असतो?