दलदलीचा बुडबुडा आणि सांडपाण्याचा हिशेब

१/ नोव्हेंबर १७७६. उत्तर इटलीतील लागो माज्जोरे सरोवराच्या काठी, आंजेरा गावाजवळ, अलेस्सांद्रो व्होल्टा काठीने तळाचा गाळ ढवळत होते. वर आलेले बुडबुडे त्यांनी पाण्याने भरलेल्या पालथ्या बाटलीत धरले. ती हवा पेटत होती. (ज्या विद्युतघटामुळे व्होल्टा जगाला ठाऊक आहेत, तो यानंतर चोवीस वर्षांनी आला.)

२/ दलदलीतल्या त्या ज्वलनशील हवेला आज आपण मिथेन म्हणतो. पाण्याखालच्या गाळातला ऑक्सिजन संपला, की कुजणाऱ्या पदार्थांपासून सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हे इतके जुने ज्ञान. तरीही सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम पाणथळींच्या इतिहासात हा बुडबुडा फार उशिरा प्रवेश करतो.

३/ त्या इतिहासाची सुरुवात जर्मनीतील प्लोनची. तिथल्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडल १९५०च्या दशकाच्या आरंभी लव्हाळ्याच्या कुळातील पाणवनस्पती दूषित पाण्यात वाढवून पाहू लागल्या. सांडपाण्यात झाडे तगणारच नाहीत, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. झायडल यांच्या वनस्पती फिनॉलसारख्या विषारी द्रव्यातही तगल्या.

४/ पुढे दोन वाटा फुटल्या. झायडल यांचे वाफे खडी-वाळूचे: पाणी आधी वरून खाली झिरपायचे, मग दुसऱ्या वाफ्यातून आडवे वाहायचे. एके काळचे त्यांचे सहकारी राइनहोल्ड किकुथ यांनी मातीचा आग्रह धरला आणि १९७४ साली ओथफ्रेझन येथे आडव्या प्रवाहाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. चिकण माती तुंबे आणि पाणी वरूनच वाहून जाई. नेदरलँड्समध्ये १९६७ पासून उघड्या, उथळ तळ्यांचा तिसरा प्रकारही रुजत होता.

५/ वाद कितीही रंगले, तरी हिशेब एकच होता: आत शिरणारे पाणी किती घाण, बाहेर पडणारे किती स्वच्छ. हवेत काय जाते, याचा रकाना कोणाच्याच वहीत नव्हता. त्यासाठी त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या डोळ्यांसमोर नद्या मरत होत्या.

६/ उभ्या प्रवाहाचे वाफे युरोपात पुन्हा पुढे आले, ते हवामानासाठी नव्हे, तर अमोनियासाठी. अमोनियाचे नायट्रेट व्हायला ऑक्सिजन लागतो. म्हणून पाणी थांबून थांबून सोडायचे. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात खडीत हवा शिरते. मिथेन घटला, पण तो अनपेक्षित लाभ होता.

७/ तो लाभ कागदावर आला २०१३ साली, 'आयपीसीसी'च्या पाणथळविषयक पुरवणीत. सांडपाण्यातून जास्तीत जास्त जेवढा मिथेन निघू शकतो, त्यातला किती निघेल असे धरायचे? उघड्या तळ्यासाठी ०.४, आडव्या वाफ्यासाठी ०.१, उभ्या वाफ्यासाठी ०.०१. काम तेच, पण मिथेनचा फरक चाळीसपट!

८/ नायट्रस ऑक्साइडचा क्रम मात्र निराळा. तिथे उभा वाफा सर्वांत कमी, पण आडव्याचा गुणांक उघड्या तळ्याच्या सुमारे सहापट. आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. वनस्पतीही दुहेरी वागतात. त्यांच्या पोकळ देठांतून ऑक्सिजन मुळांपाशी उतरतो आणि त्याच वाटेने मिथेन वर निसटतो.

९/ मग सगळे वाफे उभेच का बांधू नयेत? कारण त्यांतून नायट्रेट भरलेले पाणी बाहेर पडते. ते नदीत जाऊ द्यायचे नसेल, तर पुढे ऑक्सिजन नसलेला टप्पा हवा. म्हणजे उभा वाफा आणि मग आडवा: झायडल यांचाच जुना क्रम. या दुसऱ्या टप्प्यात जिवाणूंना कार्बन कमी पडला, तर नायट्रेटचे रूपांतर अर्ध्यावर थांबते आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. म्हणून काही ठिकाणी कच्च्या सांडपाण्याचा थोडा भाग पहिला वाफा वगळून थेट दुसऱ्यात सोडतात. ज्या घाणीपासून पाणी सोडवायचे, तीच तिथे जिवाणूंची शिदोरी होते.