लाईट कुणाची, पॉवर कुणाची?

आमच्या घोटावड्यात कुणी ‘लाईट आली का?’ असे विचारले, तर तो दिव्याविषयीच विचारत असेल असे नाही. बहुधा त्याला विहिरीवरची मोटर चालू करायची असते. मोटरीने उजेड पडत नाही, पाणी येते. तरी तिला चालवणारी ती लाईटच. उजेड या अर्थाचा इंग्रजी शब्द आपण विजेसाठी वापरला आणि त्यातून लाईटबिल, लाईटवाला, लाईटचा खांब असा संसार उभा राहिला.

मुळात इंग्रजीत ‘लाईट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उजेड या अर्थाचा शब्द संस्कृतातील ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूचा दूरचा भाऊबंद; हलका या अर्थाचा शब्द ‘लघु’चा नातलग. उच्चार झिजत गेले आणि दोघे सारखे दिसू लागले. मराठीत दोघेही आले. ‘लाईट जेवण’ लघुच्या घरचे, तर ‘लाईट गुलाबी’ उजेडाच्या घरचा. ट्यूबलाईट पेटायला वेळ घेई, म्हणून उशिरा समजणारा माणूस ‘ट्यूबलाईट’ झाला. आता एलईडी चटकन लागतात. थट्टा मात्र टिकून आहे.

लिंगाची गंमतही पाहण्याजोगी आहे. ‘लाईट लावला’ म्हणताना शब्द दिव्यासारखा पुल्लिंगी असतो. ‘लाईट गेली’ म्हणताना विजेसारखा स्त्रीलिंगी. कुणी ‘लाईट गेले’ असेही म्हणतो. संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृत ‘विज्जु’ अशा वाटेने आलेली ‘वीज’ मूळची आकाशातली. ‘वीज पडली’ म्हटले की आजही काळजात धस्स होते. घरात तारेतून आलेल्या विजेला बोलण्यात वेगळे नाव हवे होते, असा माझा तर्क आहे.

पण ते नाव ‘लाईट’च का? याचे उत्तर शोधताना मला आमच्याच तालुक्याच्या इतिहासाकडे यावे लागले. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी ती योजना. ती राबवणाऱ्या कंपनीची स्थापना १९१९ची आणि तिच्या नावातच शब्द होता ‘पॉवर’ : टाटा पॉवर कंपनी. जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा १९२४पर्यंत चालला. धरण थांबले नाही. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात भिरा येथे उतरवले गेले. तिथले वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्यालाही लोक ‘पॉवरहाऊस’ म्हणतात.

म्हणजे गिरण्या आणि शहर यांच्या व्यवहारात वीज ही ‘पॉवर’ होती : यंत्र फिरवणारी, मालकी सांगणारी. खेड्यापाड्यांत वीज पोहोचली ती मुख्यतः १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर, आणि घरात पहिल्यांदा दिसली ती छताला टांगलेल्या एका बल्बच्या रूपात. जे दिसले तेच नाव झाले. पुढे मोटर आली, पिठाची गिरणी आली, मोबाइल आला. नाव बदलले नाही. मराठीत ‘पॉवर’ हा शब्दही आहेच, पण तो सत्तेसाठी आणि चष्म्याच्या नंबरासाठी.

नदी एकच, पण तिच्या पाण्यावर झालेल्या शक्तीला एकीकडे ‘पॉवर’ म्हटले गेले, दुसरीकडे ‘लाईट’. ज्यांची भातखाचरे बुडाली, त्यांच्या वाट्याला दुसरा शब्द आला, तोही उशिरा. कोशात ‘लाईट’पुढे उजेड, दिवा, वीज, हलका, फिका असे अर्थ लिहिताना मुळशी खोऱ्याचा हा हिशेबही लिहायला हवा. दिवाळीत आकाशकंदिलाची पिन बोर्डात खोचताना मला तो आठवतो.