स्फटिकाच्या दोन वाटा



मराठीच्या अध्यापकाने विजेच्या दिव्याचा इतिहास सांगावा, हा कोणास अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु आमोण्यातील एखादे शाळकरी मूल संगणकावर एक अक्षर टंकित करते आणि ओसरीवरचा आकाशकंदील तारेवाचून तांबडा होतो, तेव्हा त्या उजेडाचे कूळ विचारण्याचा मोह मला आवरत नाही.

ह्या खेळात बिनतारी संदेश आणि एलईडीचा दिवा एकत्र येतात. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यांचे माहेर एकच आहे.

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस ह्यांनी कोलकात्यात विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजविली आणि दारू उडवून दाखविली. दुरून, तारेवाचून, यंत्राला आज्ञा देण्याचा हा प्रयोग होय. अशा लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलिना ह्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. पुढे अनेक जण निरनिराळे स्फटिक पारखू लागले. त्यांत इंग्लंडचा हेन्री राउंड होता. धार लावण्याच्या चाकात वापरतात त्या कार्बोरंडममधून वीज नेताना, १९०७ मध्ये, त्याला स्फटिकच उजळलेला दिसला. लहर टिपणाऱ्या खड्याने प्रकाश दिला! राउंडने लहानसे टिपण छापले आणि तो दुसऱ्या कामाला लागला.

त्या उजेडाचा खरा पाठपुरावा केला तो रशियाच्या ओलेग लोसेव्हने. हा प्रकाश तापलेल्या तारेचा नव्हे, हे त्याने १९२०च्या दशकात ओळखले. १९४२ मध्ये, वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये, तो उपासमारीने गेला. गोवा मुक्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अमेरिकेत निक होलोन्याकने डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी सिद्ध केला. निळ्या दिव्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल लाभले. लोसेव्हचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

भिंत न मानणाऱ्या लहरीचे मोल गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको. १९५५ ते १९६१ ह्या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्यांनी सीमेलगतच्या रानातून गुप्त नभोवाणी चालविली. माणसांना नाक्यावर अडविता येत होते. तो आवाज मात्र घराघरांत पोचत होता.

राहिला मायक्रोकंट्रोलर. गणन, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण एकाच चकतीवर आणणारे हे यंत्र १९७४ पासून बाजारात आले. संगणकाने पाठविलेले अक्षर लहरीवरून त्याच्यापाशी येते. साठविलेल्या आज्ञेशी ते ताडून तो दिव्याची वीज सोडतो वा रोखतो. मंद उजेड हवा असल्यास तो दिवा सेकंदास शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि आपला डोळा फसतो. लहान दिव्याच्या वाटेत रोधक घालावाच लागतो, नाहीतर तो जळतो. आपल्याकडे दिवा 'विझविला' म्हणत नाहीत, 'मालविला' म्हणतात. ह्या यंत्राला तेवढा शिष्टाचार ठाऊक नाही, त्याला शून्य पुरते.

एक विनंती आहे. येत्या दिवाळीस शाळेत असा कंदील झालाच, तर त्याच्या झिरमिळ्यांवर बोस, राउंड, लोसेव्ह ही तीन नावे मुलांनी स्वहस्ते, देवनागरीत लिहावीत. कागद मी देईन.