उंदरांची वीण आणि एका बंडाची पूर्वपीठिका

#थ्रेड

१/८
ऑक्टोबर १९५८. मिझो जिल्हा कौन्सिलने आसाम सरकारला ठरावाद्वारे कळवले : बांबू फुलणार आहे, त्यामागून उंदीर वाढतील आणि दुष्काळ पडेल, पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपये द्यावेत. सरकारने हे भाकीत अंधश्रद्धा समजून मागणी फेटाळली.

२/८
भाकिताला आधार होता पिढ्यांच्या स्मृतीचा. या टेकड्यांतील मुख्य बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच, सर्वत्र जवळजवळ एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. १८६२ व १९११ च्या सुमारास हेच घडले होते. मिझो भाषेत या आपत्तीचे नाव ‘माउताम’.

३/८
आता उंदराकडे वळू. काळ्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवडे गाभण राहते, एका वेळी साधारण सहा ते आठ पिल्ले देते, आणि ती पिल्ले सुमारे तीन महिन्यांत स्वतः वीण देण्याजोगी होतात. एरवी या वाढीला लगाम असतो तो अन्नाच्या तुटवड्याचा.

४/८
माउतामच्या वर्षी तो लगाम सुटतो. जंगलभर मांसल फळांचा सडा पडतो. हे फळ खाल्ल्याने प्रजननशक्ती वाढते, अशी लोकसमजूत आहे. पण अन्न मुबलक असले की पिल्ले जगतात आणि वीण खंडत नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

५/८
पुढे फळे संपतात, उरलेली रुजतात. उंदरांची संख्या मात्र शिगेला पोहोचलेली असते. भुकेलेले थवे झूम शेतीतील पिकत्या भातावर उतरतात आणि एका रात्रीत शेत फस्त करतात.

६/८
१९५९ मध्ये भाकीत खरे ठरले. मदत अपुरी पडली. १९६० मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ गावोगावी धान्य पोहोचवू लागला. ऑक्टोबर १९६१ मध्ये नावातील ‘फॅमिन’ गळाले आणि ‘मिझो नॅशनल फ्रंट’ हा राजकीय पक्ष उभा राहिला.

७/८
मार्च १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला, ऐजॉलवर भारतीय हवाई दलाने हल्ले केले. शांतता करार होण्यास १९८६ उजाडले. बंड उंदरांनी घडवले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आसामी राजभाषेचा कायदा आणि वेगळ्या ओळखीची जाणीव हीही कारणे होती. परंतु दुष्काळातील उपेक्षेने त्या असंतोषाला संघटना मिळवून दिली.

८/८
२००७ च्या बहराआधी मिझोराम सरकारने विशेष योजना आखली, आले-हळदीसारख्या पिकांना उत्तेजन दिले. पिकांची हानी झालीच. बंड झाले नाही. चक्र असेच राहिले, तर पुढचा बहर २०५५ च्या आसपास येईल. १९५८ चा तो ठराव तोवर विसरला जाऊ नये.