हॅम रेडिओ: परीक्षा पास झालो, आता बोलायचे कसे?



२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाने आपल्या राज्याचा पश्चिम भाग अक्षरशः झोडपून काढला. अ‍ॅशव्हिलच्या बाजूला वीज, पाणी, रस्ते आणि मोबाइल टॉवर सगळे एकदमच गेले. आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब तिकडे राहते. दोन दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. त्या दिवसांत माउंट मिचेलवरचा १४५.१९० मेगाहर्ट्झचा हॅम रेडिओ रेपीटर मात्र चालू होता. कोणता रस्ता वाहून गेला, कुणाला औषध हवे आहे, कोण सुखरूप आहे, हे सगळे निरोप त्यावरून जात होते. तिसऱ्या दिवशी आमच्या मित्रांचा फोन आला, सगळे ठीक होते. पण ते दोन दिवस आम्ही विसरलेलो नाही.

खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्यापैकी दोघांकडे हॅमचा परवाना होता. एकाचा रेडिओ कपाटात पडला होता, बॅटरी उतरलेली. दुसऱ्याने परवाना मिळाल्यापासून बोलायचे बटण एकदाही दाबले नव्हते! कॅरीतून हातातल्या रेडिओवर तिथपर्यंत पोहोचता आले नसतेच. पण तेच वादळ इकडे वळले असते तर? १९९६ चे फ्रॅन वादळ आणि डिसेंबर २००२ मधले आइस स्टॉर्म, दोन्ही वेळी ट्रँगलमध्ये कित्येक घरे दिवसेंदिवस अंधारात होती. जुनी मंडळी अजून त्या आठवणी सांगतात.

मग आम्ही पाच जणांनी ठरवले की नुसता परवाना भिंतीवर लावायचा नाही, बोलायला शिकायचे. त्यातून जे कळले ते इथे एकत्र केले आहे. मंडळातल्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा हाच हेतू.

हॅम रेडिओ म्हणजे नेमके काय?

सरकारने हौशी लोकांसाठी राखून ठेवलेल्या रेडिओ लहरींवर, परवाना घेऊन, एकमेकांशी थेट संपर्क साधणे म्हणजे हॅम रेडिओ. मध्ये फोन कंपनी नाही, महिन्याचे बिल नाही. त्यावर धंदा करता येत नाही आणि गाणी लावता येत नाहीत. आपल्या माहितीतली नावे सांगायची तर राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉलसाइन व्हीयू२आरजी. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स यांनीही परवाना घेतला होता.

परवाना कसा मिळतो?

अमेरिकेत तीन पायऱ्या आहेत: टेक्निशियन, जनरल आणि एक्स्ट्रा. सुरुवात टेक्निशियनने करायची.

१. एफसीसीच्या संकेतस्थळावर एफआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यावा. तो फुकट मिळतो.

२. टेक्निशियनची परीक्षा ३५ प्रश्नांची असते, २६ बरोबर आले की पास. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि साधारण ४०० प्रश्नांच्या जाहीर संचातूनच येतात. हा संच दर ४ वर्षांनी बदलतो, तेव्हा चालू संचच वापरा.

३. हॅमस्टडी या संकेतस्थळावर फुकट सराव करता येतो. इंजिनिअरिंग केलेल्यांना ओहमचा नियम नवा नाही. नियमांचे प्रश्न मात्र सगळ्यांनाच वाचावे लागतात. रोज अर्धा तास दिला तर ३-४ आठवडे पुरतात.

४. परीक्षा स्वयंसेवक घेतात. आपल्या भागात रॅले अमॅच्युअर रेडिओ सोसायटी, म्हणजेच रार्स, हा मोठा क्लब आहे. ऑनलाइन परीक्षाही होतात.

५. पास झाल्यावर एफसीसीची ३५ डॉलर फी भरावी लागते. २०२२ पासून ही फी सुरू झाली. परीक्षेची फी वेगळी, पण ती थोडी असते. परवाना १० वर्षे चालतो.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: व्हिसावर असलेल्यांना परवाना मिळतो का? मिळतो. एच-१, एल-१, विद्यार्थी, सगळ्यांना. फक्त परदेशी सरकारच्या प्रतिनिधींना मिळत नाही. वयाचीही अट नाही. मोर्स कोड यावाच लागतो हा गैरसमज आहे, ती अट २००७ मध्ये पूर्णपणे गेली.

एक सावधगिरी: परवान्यावरचा पत्ता एफसीसीच्या यादीत कुणालाही दिसतो. घरचा पत्ता नको असेल तर पोस्ट बॉक्स द्या.

पहिला रेडिओ

सुरुवातीला महागडे काही घेऊ नका. हातात मावणारा, ५ वॅटचा, २ मीटर आणि ७० सेंटीमीटर या दोन बँडांवर चालणारा रेडिओ पुरे. चिनी बनावटीचे रेडिओ ३०-४० डॉलरच्या आसपास मिळतात. त्याच्याबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना मात्र यथातथाच असते. १५-२० डॉलरची लांब अँटेना घेतली की फरक लगेच कळतो. गणित सोपे आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४६ मेगाहर्ट्झला ती साधारण २ मीटर, आणि तिचा पाव भाग म्हणजे अर्धा मीटर. म्हणून बोटभर अँटेना कमी पडते.

हातातला रेडिओ थेट बोलायला काही मैलच पोहोचतो. कॅरीतली झाडे आणि घरे बघता कधी त्याहूनही कमी. म्हणून रेपीटर वापरतात. उंच टॉवरवरचे हे यंत्र एका फ्रीक्वेन्सीवर आपले ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात परत पाठवते. त्यासाठी रेडिओत तीन गोष्टी भराव्या लागतात: रेपीटरची फ्रीक्वेन्सी, ऑफसेट (२ मीटरवर बहुधा ६०० किलोहर्ट्झ कमी किंवा जास्त) आणि टोन. टोन चुकला तर आपल्याला सगळे ऐकू येते, पण आपले कुणालाच ऐकू जात नाही. आमच्यातला एक जण आठवडाभर असाच बोलत होता आणि अमेरिकन लोक किती तुसडे म्हणून रागावला होता!

तोंड उघडेना, त्यावर उपाय

परीक्षा सोपी, बटण दाबणे अवघड, असा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे. दिवसभर ऑफिसात कॉन्फरन्स कॉलवर बोलणारी माणसे रेडिओ हातात घेतला की गप्प होतात. कारण उघड आहे. शंभर अनोळखी माणसे ऐकत असतील, आपला उच्चार वेगळा, आणि चुकलो तर? यावर आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी क्रमाने देतो.

पहिला आठवडा फक्त ऐका. ऐकायला परवानाही लागत नाही. सकाळी ऑफिसला जाणारे लोक काय बोलतात, कसे थांबतात, कसा निरोप घेतात हे कानावर पडू द्या. बहुतेक गप्पा हवा, रहदारी आणि गुडघेदुखीच्या असतात. भीती अर्धी तिथेच जाते.

आपला कॉलसाइन पाठ करा. अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा ध्वनिवर्णमालेत तो झोपेतही म्हणता आला पाहिजे. गाडी चालवताना पुढच्या गाडीची नंबर प्लेट त्या वर्णमालेत वाचा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

नावाचे स्पेलिंग तयार ठेवा. मंदार म्हणजे माइक, अल्फा, नोव्हेंबर, डेल्टा, अल्फा, रोमिओ. आपण मराठी लोक व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी एकच 'व' वापरतो, त्यामुळे वैशालीचे पहिले अक्षर समोरच्याला कळत नाही. "व्हिक्टर" म्हटले की प्रश्न मिटतो. आमच्या उच्चाराची भीती खरे तर या वर्णमालेनेच घालवली. ती सगळ्यांसाठी बनवलेली आहे, टेक्सासच्या माणसासाठीही.

पहिले वाक्य कागदावर लिहा. रेपीटरवर लांबलचक हाका मारत नाहीत. आपला कॉलसाइन आणि पुढे "लिसनिंग" एवढेच म्हणायचे. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. रेडिओ तोंडापासून दोन-तीन इंच दूर आणि थोडा तिरका धरा.

उत्तर नाही आले तर वाईट वाटून घेऊ नका. कुणी ऐकत नसेल, किंवा ऐकणारा जेवत असेल. संध्याकाळी परत प्रयत्न करा.

नेटवर पहिली हजेरी

सुरुवात करायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे नेट. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एका रेपीटरवर सगळे जमतात आणि एक जण सूत्रसंचालन करतो. त्याला नेट कंट्रोल म्हणतात. आपल्या भजनी मंडळात जसे एक जण टाळ धरतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात, तसेच. तो बोलावेल तेव्हाच बोलायचे, म्हणून मध्येच कसे घुसावे हा प्रश्न राहत नाही.

संवाद साधारण असा होतो:

नेट कंट्रोल: "एनी न्यू स्टेशन्स, प्लीज कॉल नाऊ."

आपण: (कॉलसाइन वर्णमालेत सावकाश) "नेम इज मंदार, इन कॅरी. फर्स्ट टाइम ऑन द नेट."

नेट कंट्रोल: "वेलकम, मंदार! एनीथिंग फॉर द नेट?"

आपण: "नथिंग टुनाइट, जस्ट चेकिंग इन. सेव्हन्टी-थ्री."

सेव्हन्टी-थ्री म्हणजे शुभेच्छा. झाले! "फर्स्ट टाइम" हे शब्द जरूर म्हणा. आमच्यापैकी एकीने ते म्हटले आणि नेट संपल्यावर तीन अनोळखी लोक तिच्याशी बोलायला थांबले. त्यातल्या एका आजोबांनी तिचा आवाज कापत जातो आहे हे सांगून खिडकीजवळ उभे राहायला सुचवले. आवाज सुधारला. भीतीही गेली.

दर आठवड्याला एक हजेरी, असे सहा आठवडे करा. वहीत तारीख, वेळ आणि कॉलसाइन लिहीत जा. सातव्या आठवड्याला कागद लागत नाही.

मराठीत बोलता येते का?

हो, येते. नियम एवढाच की कॉलसाइन इंग्रजीत सांगायचा, दर १० मिनिटांनी आणि बोलणे संपताना. बाकी बोलणे मराठीत चालते. सांकेतिक भाषा चालत नाही, पण मराठी ही सांकेतिक भाषा नव्हे! तरीही गर्दीच्या रेपीटरवर तासभर मराठी गप्पा मारू नयेत. आपसात बोलायला रेपीटरशिवायची मोकळी फ्रीक्वेन्सी बरी.

भारताशी बोलता येईल का?

टेक्निशियनला अवघड, जनरलला शक्य. १४ मेगाहर्ट्झचा २० मीटर बँड त्यासाठी चांगला. कॅरी ते पुणे अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. लहरी वातावरणातल्या वरच्या थरावरून परावर्तित होत जातात, आणि ते सूर्यावर अवलंबून असते. आज लागले म्हणून उद्या लागेलच असे नाही.

पण आईला फोनऐवजी यावर बोलवू, असे मनात असेल तर थांबा. परवाना नसलेल्या माणसाला मायक्रोफोन देऊन परदेशाशी बोलवायचे तर दोन देशांत तसा करार लागतो, आणि भारत त्या यादीत नाही. दोन्हीकडे परवानाधारक हवेत. तसेच सुट्टीत रेडिओ बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. तिथे वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते.

मुलांसाठी

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी अंतराळवीरांचा आवाज साध्या रेडिओवर येतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. आपल्या पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभरापेक्षाही हलका 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला अवकाशात गेला, तो हॅम लोकांचे निरोप पोहोचवण्यासाठीच. मुलांना हे जरूर सांगा.

जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी देशभर फील्ड डे असतो. क्लब बागेत तंबू ठोकून, जनरेटर आणि बॅटरीवर दिवस-रात्र स्टेशन चालवतात. पाहुण्यांचे स्वागत असते आणि परवाना नसलेल्यांनाही जाणकारासमोर बसून बोलू देतात. मुलांना घेऊन जा.

एचओएची अडचण

कॅरीत बहुतेक वस्त्यांना एचओए आहे आणि बाहेर अँटेना दिसली की पत्र येते. सरकारी नियमांतली सवलत या खाजगी करारांना लागू होत नाही. भांडण्यापेक्षा माळ्यावर अँटेना लावा, किंवा गाडीच्या टपावर चुंबकाची अँटेना बसवा. आमच्यातले तिघे तेच करतात.

परीक्षा नकोच असेल तर जीएमआरएसचा परवाना आहे. ३५ डॉलर, परीक्षा नाही, १० वर्षे, आणि घरातल्या सगळ्यांना एकच परवाना चालतो.

शेवटी

रेडिओ घेऊन ठेवणे म्हणजे तयारी नव्हे. बॅटरी महिन्यातून एकदा भरा, जवळचे दोन-तीन रेपीटर आधीच भरून ठेवा, त्यांची यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि आठवड्यातून एकदा तरी बोला. अंधारात, वारा सुटलेला असताना पहिल्यांदा बटण दाबायची वेळ कुणावर येऊ नये.

आम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी थोडा वेळ रेडिओवर भेटतो. कोण हजर आहे ते बघतो, चहा झाला का विचारतो आणि बंद करतो. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटलात तर जरूर विचारा, रेडिओ दाखवू. सेव्हन्टी-थ्री!